पृथ्वीचे प्रतिमान : एक पाठचिकित्सा

युरोपीय आयोगाने ‘डेस्टिनेशन अर्थ’ या नावाने जो उपक्रम हाती घेतला आहे, त्याचे घोषित उद्दिष्ट २०३० सालापर्यंत पृथ्वीचे एक ‘डिजिटल जुळे’ सिद्ध करणे हे होय. फिनलंडमधील काजानी येथील ‘लुमी’ या महासंगणकाच्या साहाय्याने जून २०२४ मध्ये त्याची पहिली अंगे कार्यान्वित झाली. वातावरण, महासागर, हिमस्तर आणि भूपृष्ठ यांचे परस्परव्यवहार सुमारे पाच किलोमीटरांच्या जाळ्यावर गणून दाखवावयाचे, आणि एखादे धोरण स्वीकारल्यास पुढील दशकांत काय घडेल हे राज्यकर्त्यांना त्या जुळ्याला विचारता यावे, अशी ही योजना आहे. योजनेमागील शास्त्रीय सामर्थ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती शब्दाविषयी. जुळे म्हणजे एकाच गर्भातून, एकाच वेळी जन्मलेले, आणि म्हणून एकमेकांच्या तोडीचे असे दोन जीव. संगणकातील पृथ्वीला हा शब्द लावला की तिला कोणी रचले, कशाच्या आधारे रचले, कोणत्या ठिकाणी रचणाऱ्याने आपल्या पदरचे घातले, हे प्रश्नच अप्रस्तुत ठरतात; कारण जुळ्या भावंडाला कर्ता नसतो. आणि कर्ता दिसेनासा झाला की त्या रचनेला मिळणारे प्रामाण्य तिच्या योग्यतेपेक्षा कितीतरी अधिक होऊन बसते. शब्दांच्या अशा परिणामांकडे लक्ष ठेवणे हे समीक्षेचे जुने काम आहे, आणि विषय पदार्थविज्ञानाचा आहे एवढ्याने ते टाळता येत नाही.

पृथ्वीचे गणिती प्रतिमान ज्याला म्हणतात ते वस्तुतः काय असते? वारा, उष्णता, आर्द्रता व वायुभार यांचे परस्परसंबंध सांगणारी थोडी समीकरणे आहेत. ती न्यूटनच्या गतिनियमांतून आणि ऊष्मागतिकीतून आलेली आहेत व त्यांच्याविषयी वाद नाही. परंतु ही समीकरणे पृथ्वीसारख्या विस्तीर्ण क्षेत्रावर नेमकी सोडविता येत नाहीत. म्हणून पृथ्वीचा पृष्ठभाग सारीपटासारखा घराघरांत विभागावयाचा, प्रत्येक घरावर हवेचे आणि खाली समुद्राचे थर रचावयाचे, आणि काही मिनिटांची एकेक पायरी घेत सर्व घरांचे हिशेब पुढे न्यावयाचे. घराची बाजू शंभर किलोमीटर असेल तर त्या घरात हवेला एकच तापमान, वाऱ्याला एकच दिशा. पावसाळी ढग मात्र किलोमीटर-दोन किलोमीटरांचा असतो. तो घरात मावतो, पण हिशेबात मावत नाही. अशा वेळी, घरातील सरासरी आर्द्रता इतकी असेल तर तेथे ढग साधारण इतके असावेत आणि त्यांतून पाऊस इतका पडावा, असा एक ठोकताळा घालावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला प्राचलीकरण म्हणतात. ढग, वादळी अभिसरण, मातीतील ओल, पानांची रंध्रे, समुद्रातील भोवरे, या सर्वांची सोय अशाच ठोकताळ्यांनी लावलेली असते. म्हणजे मूळ संहिता निसर्गनियमांची असली, तरी तिच्या ओळीओळींच्या मधली जागा भाष्यकाराने भरलेली आहे. दहा लाखांहून अधिक ओळींच्या अशा एखाद्या कार्यक्रमात नियम किती आणि भाष्य किती, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा आत काम करणाऱ्यालाही ते शोधावे लागते.

या सर्व परंपरेचा आद्य ग्रंथ म्हणजे लुइस फ्राय रिचर्डसन याचा ‘वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमेरिकल प्रोसेस’ हा, १९२२ साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेला. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस याने १९०४ सालीच हवामानाचे भाकीत हा यांत्रिकीचा प्रश्न आहे असे प्रतिपादन केले होते. रिचर्डसनने तो प्रश्न प्रत्यक्ष हातांनी सोडवून पाहिला. तो क्वेकर पंथाचा, शस्त्र धरण्यास नकार देणारा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका-पथकावर काम करीत असता फावल्या वेळात त्याने २० मे १९१० या एका दिवसाचे मध्य युरोपातील हवामान सहा तास पुढे गणून काढले. या गणिताला त्याचे जवळजवळ सहा आठवडे गेले. १९१७ च्या एप्रिलमध्ये शाँपेनच्या लढाईत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. इतक्या कष्टाने आलेले उत्तर काय? सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनी वाढेल! प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभार जवळजवळ स्थिर होता. एवढी उलथापालथ पृथ्वीवर कधी होतच नाही.

या ग्रंथाची थोरवी येथेच सुरू होते. रिचर्डसनने हे उत्तर दडविले नाही, त्याचे आकडे गोल केले नाहीत, वा दुसरा सोयीचा दिवस निवडला नाही. गणिताचे सगळे तक्ते, रिकाम्या रकान्यांसह, त्याने छापून टाकले. त्यामुळेच पुढे आयर्लंडच्या पीटर लिंच याला तेच गणित संगणकावर पुन्हा मांडता आले आणि दोष समीकरणांत नसून आरंभीच्या नोंदींत वारा आणि वायुभार यांचा मेळ नसण्यात होता हे दाखविता आले. त्या नोंदी आधी सारख्या करून घेतल्या तर उत्तर एका मिलिबाराच्या आसपास येते. फसलेले भाकीत संपूर्ण छापल्यामुळे ते शास्त्राला उपयोगी पडले, ही गोष्ट या क्षेत्राच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते, पण तिच्यातील नैतिक भाग सहसा सांगितला जात नाही.

त्याच ग्रंथात एक कल्पनाचित्र आहे. एक प्रचंड वर्तुळाकार नाट्यगृह. भिंतींवर आतून पृथ्वीचा नकाशा रंगविलेला, छतावर उत्तर ध्रुव, तळाशी अंटार्क्टिका. सज्ज्यासज्ज्यांतून बसलेले चौसष्ट हजार गणक, माणसेच ती, प्रत्येक जण आपापल्या तुकड्याचे गणित करीत शेजाऱ्याला आकडे देतो आहे. मध्यभागी एका उंच स्तंभावर वाद्यवृंदाच्या संचालकासारखा एक अधिकारी उभा आहे. जे पुढे धावतात त्यांच्यावर तो गुलाबी झोत टाकतो, मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा. आजच्या समांतर संगणकाचे हे पूर्वचित्र म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण समीक्षकाच्या दृष्टीने लक्षणीय तपशील वेगळा आहे. इमारतीबाहेर रिचर्डसनने खेळाची मैदाने, घरे, डोंगर आणि तळी ठेवली आहेत, हवामानाचे गणित करणाऱ्यांनी मोकळ्या हवेत श्वास घ्यावा म्हणून. गणित आणि हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीतून उठून दुसरीत जावे लागते, याचा विसर त्याने कल्पनेतही पडू दिलेला नाही. शंभर वर्षांनंतरच्या ‘जुळ्या’त मात्र हे दार मिटत चालले आहे.

मधल्या टप्प्यांचा इतिहास सुपरिचित आहे. १९५० साली चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी ‘एनियाक’वर चोवीस तासांची भाकिते काढली, त्यांतील प्रत्येकाला यंत्राचे जवळजवळ चोवीस तासच लागले. १९५६ साली नॉर्मन फिलिप्सने दोन थरांच्या वातावरणात व्यापारी व पश्चिमी वाऱ्यांचे अभिसरण आपोआप उत्पन्न होते असे दाखविले. १९६७ साली स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी हवेचा एकच उभा स्तंभ घेऊन, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास भूपृष्ठ सुमारे २.३ अंशांनी तापेल आणि त्याच वेळी स्थितांबर थंड होईल, असा निष्कर्ष काढला. स्थितांबर थंड होत असल्याचे पुढे निरीक्षणांनी सिद्ध झाले. मानाबे यांना २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या सतरा जागतिक तापमान-भाकितांची झीक हाउसफादर व सहकाऱ्यांनी प्रत्यक्षाशी तुलना केली (त्यांचा निबंध २०२० मधील). वातावरणात प्रत्यक्ष किती वायू सोडले गेले याचा हिशेब धरल्यास त्यांपैकी चौदा निरीक्षणांशी सुसंगत ठरली. तेव्हा प्रतिमाने म्हणजे केवळ संगणकी कल्पनाविलास असे जे म्हणतात, त्यांचा पक्ष टिकणारा नाही. येथील आक्षेप त्या जातीचा नाही.

आक्षेपाचे खरे स्थान ‘परस्परसंबंध’ या शब्दापाशी आहे. मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ साली वातावरण आणि समुद्र ही दोन प्रतिमाने एकमेकांस जोडली, तेव्हापासून ही अडचण दिसू लागली की स्वतंत्रपणे चांगली चालणारी दोन प्रतिमाने एकत्र आणली की दोन्ही वाहवत जातात. समुद्राचे तापमान हळूहळू सरकत सरकत वास्तवापासून दूर जाते. १९९० च्या दशकात पुष्कळ गटांनी यावर एक तोडगा काढला : समुद्र आणि हवा यांच्या सीमेवर उष्णता व गोडे पाणी यांची कृत्रिम भर किंवा वजावट करीत राहावयाची. हिशेबनीसाने वही जुळत नाही म्हणून रोज किरकोळ खर्चाच्या सदरात एक आकडा टाकावा, तसाच हा प्रकार होता. पुढे प्रतिमाने सुधारली आणि बहुतेकांनी ही पद्धत सोडली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

जीवसृष्टी जोडली गेल्यावर मात्र गुंतागुंत वेगळ्याच पातळीवर गेली. २००० साली पीटर कॉक्स आणि ब्रिटनच्या हॅडली केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये जो निबंध लिहिला, तो या शाखेतील युगप्रवर्तक निबंध मानला जातो. अरण्ये आणि माती कार्बन शोषतात हे ठाऊक होते. परंतु तापमान वाढल्यावर त्यांचे काय होईल, हे त्यांनी हवामानाच्या प्रतिमानातच गुंफले. उत्तर असे आले की २०५० च्या सुमारास भूमी कार्बन शोषण्याऐवजी सोडू लागेल, २१०० पर्यंत वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २५० भागांनी अधिक होईल, आणि जागतिक तापमानवाढ ४ अंशांऐवजी ५.५ अंश होईल. निष्कर्ष भयंकर होता, आणि गणित प्रामाणिक होते. पुढे पिएर फ्रीडलिंगस्टाइन यांच्या पुढाकाराने अशा अकरा प्रतिमानांना एकच प्रश्न विचारण्यात आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत सर्वांनी परिणामाची दिशा एकच सांगितली, भर मात्र कोणी वीस भागांची सांगितली, कोणी दोनशे भागांची. एकाच पृथ्वीची अकरा जुळी भावंडे अशी दहापट वेगळी कशी असतील? या वस्तुस्थितीचे वर्णन करण्यास जुळे हा शब्द निकामी आहे. दुसरा एक शब्द मात्र नेमका बसतो, आणि तो मराठी विद्वत्तेला परका नाही. तो शब्द म्हणजे पाठभेद.

साहित्याशी तुलना यापूर्वी झालेली आहे. नेओमी ओरेस्कस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९४ साली ‘सायन्स’मध्ये असे प्रतिपादन केले की निसर्गव्यवस्था बंदिस्त नसल्यामुळे तिच्या प्रतिमानाची सत्यता तर्कदृष्ट्या सिद्ध करता येत नाही, आणि त्या ओघात त्यांनी प्रतिमानाची तुलना कादंबरीशी केली. तुलना आकर्षक आहे, पण पुरी पटणारी नाही. कादंबरीकाराने पात्राचा स्वभाव बदलला तर वास्तव त्याला जाब विचारीत नाही. प्रतिमानकाराला दर पावसाळ्यात जाब द्यावा लागतो. मूळ वस्तू बाहेर आहे, ती पूर्णपणे हाती लागत नाही, आणि हाती असलेले प्रत्येक साधन कोणा एका लेखकाच्या हाताखालून आलेले आहे, ही स्थिती कादंबरीकाराची नव्हे, संहितेच्या संपादकाची आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले, आणि १९३३ साली पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी जी पद्धती मांडली, तिचे सार असे की हस्तलिखिते मोजावयाची नसतात, त्यांचे कुळ पाहावयाचे असते. एका पोथीवरून उतरविलेल्या वीस पोथ्यांनी एकच पाठ दिला, तर तो एका साक्षीदाराचा पुरावा झाला, वीस साक्षीदारांचा नव्हे. उलट काश्मीर आणि केरळ या दूरच्या परंपरांतून, एकमेकींशी संपर्क न येता, एकच पाठ उतरला असेल तर त्याचे वजन मोठे. जेथे पाठ निश्चित करता येत नाही तेथे आवृत्तीत अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. आणि सिद्ध झालेली संहिता ही व्यासांची मूळ रचना असल्याचा दावा सुखटणकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितकेच आपण गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे.

हीच कसोटी पृथ्वीच्या प्रतिमानांना लावून पाहिली म्हणजे प्रचलित पद्धतीतील उणीव ध्यानी येते. आंतरराष्ट्रीय तुलनांत अनेक देशांची डझनावारी प्रतिमाने उतरतात, आणि त्यांची सरासरी ही जणू पंचांचा कौल म्हणून मांडली जाते. परंतु रेटो क्नुटी व सहकाऱ्यांनी २०१३ साली या प्रतिमानांची वंशावळ काढली तेव्हा, नावे वेगळी असली तरी घराणी थोडी, असे दिसून आले. ब्रिटिश हवामान कार्यालयाच्या वातावरण-प्रतिमानाच्या शाखा ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण कोरियात नांदतात. अमेरिकेतील बोल्डर येथील वातावरण-प्रतिमान नॉर्वेच्या प्रतिमानाच्या पोटात आहे. सहाव्या तुलनेत काही प्रतिमाने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पाच अंशांहून अधिक तापमानवाढ दाखवू लागली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. वाढीचे कारण प्रामुख्याने ढगांच्या नव्या ठोकताळ्यांत होते, आणि ठोकताळे घराण्याबरोबर वारशाने जातात. आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात साधी सरासरी बाजूस ठेवली आणि इतर पुराव्यांशी ताडून २.५ ते ४ अंश हा संभाव्य पल्ला ठरविला, हे पाठचिकित्सेच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणावयास हरकत नाही. तथापि त्याच अहवालातील नकाशांवर प्रतिमानांचे मतैक्य नसलेल्या प्रदेशावर ज्या तिरप्या रेघा आहेत, त्या सुखटणकरांच्या नागमोडी रेघेची बरोबरी करू शकत नाहीत. त्या मुख्यतः डोकी मोजतात, कुळ पाहत नाहीत.

आणखी एक बाब. प्रतिमान चालू करण्यापूर्वी त्यातील ठोकताळ्यांचे आकडे असे बसवितात की सूर्याकडून येणारी आणि अवकाशात जाणारी उष्णता यांचा ताळा जमावा. या क्रियेला इंग्रजीत वाद्य लावण्याचा शब्द आहे. तंबोरा लावणाऱ्याचा कान कसा आहे यावर मैफलीचे पुष्कळ काही अवलंबून असते, आणि ते श्रोत्यांना सांगण्याची चाल नाही. कित्येक वर्षे प्रतिमानकारांनीही ते सांगितले नाही. फ्रेदेरिक उर्दँ आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली या क्रियेला कला आणि शास्त्र असे दोन्ही म्हणून तिच्याविषयी उघडपणे लिहिले आणि प्रत्येक गटाने आपली जुळवणी नोंदवून ठेवावी असा आग्रह धरला. संपादकीय टिपांशिवाय संहिता छापू नये, इतकीच ही मागणी आहे. ती इतक्या उशिरा यावी याचे मात्र नवल वाटते.

पुण्यातच, पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, पृथ्वीचे जे प्रतिमान तयार झाले, त्याला हीच कसोटी लावणे प्राप्त आहे. भारतातून आंतरराष्ट्रीय तुलनेत उतरलेले हे पहिले प्रतिमान, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रदेशाच्या हवामानबदलावरील शासकीय अहवालास त्याचा आधार आहे. त्याचे कुळ स्पष्ट आहे : अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राचे हंगामी भाकितांचे प्रतिमान घेऊन, त्यात प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतील समुद्र-प्रतिमानाची सुधारलेली आवृत्ती बसवून ते रचले आहे. याला कोणी उसनवारी म्हणेल, कोणी स्वदेशी म्हणून मिरवील, दोन्ही उथळ. काही महिन्यांच्या भाकितासाठी केलेले यंत्र शतकभर चालविले तर उष्णतेचा ताळा सुटतो. तो ताळा बसविणे, समुद्राच्या पृष्ठभागाचा कृत्रिम थंडावा कमी करणे, ही पुणेकर संपादकांची स्वतःची कामगिरी आहे, आणि त्यांनी ती २०१५ व २०१८ च्या निबंधांत पायरीपायरीने नोंदविली आहे.

परंतु या प्रतिमानाच्या वातावरणाचे घर सुमारे दोनशे किलोमीटरांचे आहे. कोकणपट्टी बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरही रुंद नाही. रत्नागिरीचा किनारा, महाबळेश्वर आणि माण तालुक्यातील माळ ही तिन्ही एका घरात पडू शकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून तीसएक किलोमीटरांवरील वाईस त्याचा लहानसा अंश. सह्याद्री हा प्रतिमानात एक सौम्य उतार होऊन राहतो. या उणिवेवर उपाय म्हणून पन्नास किलोमीटरांच्या जाळ्याची प्रादेशिक प्रतिमाने जागतिक प्रतिमानाच्या पोटात बसवितात. त्यांनी डोंगर थोडा उंच होतो हे खरे. पण समुद्रावरून येणारा वारा आणि बाष्प ही मूळ प्रतिमानाचीच असतात. पोटप्रतीचे अक्षर कितीही सुरेख असले तरी मूळ पोथीतील चूक तिच्यात उतरतेच. सुबक जिल्हावार नकाशा पाहून धरणाचा वा पिकाचा निर्णय घेणाऱ्याला ही गोष्ट नकाशाखाली छापून सांगितली पाहिजे. बहुधा ती सांगितली जात नाही.

त्याच २०२० च्या अहवालात एक विसंवाद उघडपणे नोंदविलेला आहे. १९५१ ते २०१५ या काळात भारतातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि घट विशेषतः गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटावर आढळते. प्रतिमाने मात्र शतकाच्या अखेरीपर्यंत मोसमी पाऊस वाढेल असे सांगतात. अहवालाचे स्पष्टीकरण असे की उत्तर गोलार्धातील मानवनिर्मित धूलिकण व धुरके यांनी तापमानवाढीचा परिणाम आजवर दाबून धरला. ते विरळ झाले की वाढ प्रकट होईल. स्पष्टीकरण संभवनीय आहे. परंतु धूलिकण आणि ढग यांचा संबंध हा प्रतिमानातील सर्वांत दुबळ्या ठोकताळ्यांपैकी एक आहे, आणि आरंभीचा घटता पाठ आणि अखेरचा वाढता पाठ यांना जोडणारा सांधा नेमका त्याच ठोकताळ्यावर उभा आहे. सुखटणकरांच्या आवृत्तीत अशा सांध्याखाली नागमोडी रेघ आली असती. अहवालाच्या आरंभीच्या सारांशात, जो राज्यकर्ते वाचतात, ती रेघ ‘मध्यम विश्वास’ अशा दोन शब्दांत गोठवून टाकण्याची चाल आहे.